सरळ बोलायची शपथ

इंग्रजीत एक छोटंसं विशेषण आहे, 'राय'. लिहिताना त्याच्या तोंडाला एक जास्तीचं 'डब्ल्यू' अक्षर लावायचं आणि बोलताना ते गिळून टाकायचं. अकरावीला शिकवताना एका उताऱ्यात एक म्हातारा 'राय' हसला आणि त्या हसण्यानं बारामतीच्या आमच्या कॉलेजातला माझा अख्खा तास खाल्ला.

पिंपळीहून येणारी एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिला प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ लागायचा, नाहीतर ती पान उलटू द्यायची नाही. तिनं विचारलं, "मॅडम, राय हसतो म्हणजे कसं हसतो?"

"तिरकस," मी म्हणाले.

"टोमणा मारल्यावानी?"

"नाही गं. टोमणा नाही."

"मग मिश्किल?"

मिश्किलही नव्हे. मिश्किल माणसाचे डोळे आधीच चुगली करतात. मागून एक पोरगा म्हणाला, "खवचट का मॅडम?" आता खवचट माणूस दुसऱ्याला बोचकारतो, स्वतः मात्र नामानिराळा राहतो. उपरोध म्हणावं तर त्यात राग असतो, समोरच्याला शिकवायची खुमखुमी असते. मी फळ्यावर चार शब्द लिहिले, चारही पुसले. डिक्शनरीत मूळ अर्थ 'वाकडा' असा दिला होता. शेवटी त्या मुलीनं वहीत 'वाकडं हसणे' असं लिहून खाली रेघ मारली, आणि मला स्वतःचा असा काही संताप आला की विचारू नका. दहा वर्षं इंग्रजी शिकून मला तीन इंचांचं हसू सांगता येईना!

त्या आठवड्यात मी हा शब्द डोक्यात घेऊनच फिरत होते. तो कुठं कुठं वापरतात ते शोधत बसले. माणसाला सहसा कुणी राय म्हणत नाही. त्याच्या हसण्याला म्हणतात, नजरेला म्हणतात, जाता जाता टाकलेल्या एखाद्या वाक्याला म्हणतात. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळं मजेत चाललंय, पोट भरलंय, तेव्हा माणूस राय होत नाही. आधी काहीतरी बिघडलेलं असावं लागतं, आणि बोलणारा स्वतः त्या बिघाडात असावा लागतो. दुसऱ्याचं घर जळताना केलेला विनोद म्हणजे निव्वळ हलकटपणा. स्वतःचं जळताना, बादली शोधता शोधता तोंडातून जे निघतं, ते राय. एवढं कळलं, पण एका शब्दात बसेना.

शब्द मिळत नव्हता, माणूस मात्र होता. माझे वडील. आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणतो.

तात्या कळसला शेती करतात. थोडा ऊस, दोन म्हशी, बाकी नशीब. त्यांचा चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत्ताच कुणाच्या मातीला जाऊन आलाय. आणि त्या चेहऱ्यानं ते जे काही बोलायचे, ते ऐकून समोरच्याला हसावं की माफी मागावी हेच कळायचं नाही. एकदा वीज मंडळाचा नवा साहेब गावात आला होता. त्यानं चांगल्या मनानं विचारलं, "काका, शेतीची लाईट रोज येते ना?" तात्या म्हणाले, "येती की साहेब, रोज येती. आमी झोपलो का न्हाय बघून, मगच येती." साहेबानं मान डोलावली आणि पुढं गेला. मला बारामतीला नोकरी लागली तेव्हा गावभर पेढे वाटून झाल्यावर ते म्हणाले, "म्हंजे आता इंग्रजीत बी ऐकून घ्यावं लागणार." सुरकुतीसुद्धा हलली नाही.

घरात हे ठीक होतं. पण माझ्या लग्नाचं बघायला लागल्यावर याच तोंडानं घोळ घातला. पहिल्या स्थळाची माणसं आली. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" तात्या म्हणाले, "येतो की. आमी सगळी अजून जित्ती हाय की." ते लोक चहा अर्धा टाकून गेले. दुसऱ्या स्थळाचा बाप तासभर पोराचं कौतुक करत होता. पोरगं निर्व्यसनी, चहासुद्धा घेत नाही, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, थोडा विचार केला आणि काळजीनं विचारलं, "मग येळ कसा जातो त्येचा?" झालं! त्या पाव्हण्यांनी गावात चौकशा केल्या, पोरीचा बाप घेतो का म्हणून. ज्या माणसानं आयुष्यात कधी बाटलीला हात लावला नाही, तो आठवडाभर कळसच्या पारावर दारुडा ठरला. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. तात्या म्हणाले, "बरं झालं, मला वाटलं घसा बसला का काय हिचा."

ही दोन्ही स्थळं मोडली म्हणून मला काडीचं दुःख झालं नव्हतं. उलट मी सुटले होते. तिसऱ्या वेळची गोष्ट वेगळी होती.

आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा एक जण होता. काटेवाडीचा. वर्षभर कँटीनच्या चहावर आमचं बोलणं चाललं होतं आणि एक दिवस बोलता बोलता आमचं ठरूनच गेलं. त्यानं घरी सांगितलं, मी आईला सांगितलं. त्याच्या घरच्यांचं म्हणणं एवढंच की रीतसर बघायला येऊ, माणसं पारखू, मग हो म्हणू. त्याच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आत्याचा. ती म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली आणि भावांची घरं एका हातानं सांभाळणारी. आत्या नको म्हणाली तर विषय संपला, असं त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं. आणि मला तोच हवा होता. दुसरा कुणी नको होता. आता लाजायचं काय त्यात?

रविवारी ते येणार होते. शनिवारी आईनं तात्यांना समोर बसवलं. म्हणाली, "उद्या एक दिवस सरळ बोलायचं. इचारलं तेवढंच सांगायचं, जसं हाय तसं सांगायचं. न्हायतर माझ्या गळ्याची शपथ हाय तुमाला."

तात्या म्हणाले, "तुझ्याच गळ्याची का? मलाबी हाय की गळा."

"बघा! बघा, सुरू झालं!" आई रडायलाच लागली. तात्यांनी मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. ते म्हणाले, "बरं. शपथ घेतली." आणि उठून गोठ्याकडं गेले.

रविवारी सकाळी दोन गाड्या भरून माणसं आली. तो, त्याचे आईवडील, चुलते, आणखी दोघं-तिघं, आणि आत्या. काठापदराचं लुगडं, हातात काठी, बसल्या बसल्या घराचं छप्पर, भिंती, माणसं असं सगळं नजरेनं मोजून घेणारी बाई. मी साडी सावरत पोह्यांचा ट्रे फिरवला आणि आईशेजारी बसले.

तात्यांनी शपथ पाळली. अरे देवा, काय पाळली! पोलीस चौकीत जबाब द्यावा तसे बोलत होते.

"ऊस कोणता लावलाय?" "शहाऐंशी." "पाणी?" "पाळीनं येतं." "म्हशी घरच्या का?" "घरच्या." "पाऊस बरा झाला औंदा तुमच्याकडं?" "बरा."

मधल्या वेळात सगळे पोहे चावल्याचा आवाज ऐकत बसायचे. मला कळेना काय चाललंय, आणि मग कळलं. त्यानं घरी सांगून ठेवलं होतं की हिचे वडील फार मजेदार बोलतात, ऐकतच राहावंसं वाटतं. ते लोक त्या तयारीनं आले होते. आणि समोर हा खांब! चुलत्यांनी भावाकडं बघितलं, भावानं बायकोकडं बघितलं. त्यांना वाटलं असणार, या माणसाला हे लग्न मान्य नाही, पोरीनं परस्पर ठरवलं म्हणून गप्प आहे. तो माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होता. मी काय सांगणार? आज माझा बाप माझ्यासाठी सरळ झालाय, हे चारचौघांत कसं सांगायचं?

मग चुलत्यांनी सहज विचारलं, "तात्या, तुमी मूळचे कळसचे न्हाय म्हणं?"

"न्हाय. मूळ गाव भीमेच्या काठाला. उजनीत गेलं."

"जमीन व्हती का तितं?"

हा प्रश्न तात्यांना नवा नव्हता. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते शाळेत होते. घर, शेत, देऊळ, सगळं पाण्याखाली गेलं, आणि आजोबांनी कळसला येऊन पहिल्यापासून सुरुवात केली. आयुष्यभर लोकांनी तात्यांना हे विचारलं होतं, आणि तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं. सोयऱ्यांना, तलाठ्याला, माझ्या मैत्रिणींना, सगळ्यांना तेच उत्तर, तोच चेहरा. आमच्या घरात ते इतकं जुनं झालं होतं की आम्ही हसायचंही सोडलं होतं. पण आज शपथ होती. जसं आहे तसं सांगायचं होतं.

"व्हती," तात्या म्हणाले.

"कशी व्हती?"

"काळी व्हती." ते थांबले. "नांगर घातला की... वास यायचा. हिरीवर जांभळ व्हती. माझी आय जांभळीखाली..."

आणि त्यांचं वाक्य तिथंच अडलं. तोंड तसंच उघडं राहिलं, शब्द येईना. त्यांनी कपबशी खाली ठेवली, डोळे भरले होते. मी माझ्या वडिलांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. त्यांनी आईकडं पाहिलं. शाळेत मास्तरांकडं बाहेर जायची परवानगी मागावी तसं पाहिलं. आई मान खाली घालून बसली होती. जांभळीचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी सांगितलंच नव्हतं.

मला त्या क्षणी माझं लग्न, आत्या, काटेवाडी, कशाचंच भान राहिलं नाही. एवढंच वाटलं की या माणसाला या लोकांसमोर असं उघडं पाडायचं नाही. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं विचारल्याशिवाय बोलू नये, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी बोलले. तात्यांचं ठरलेलं उत्तर मी दिलं, त्यांच्याच चेहऱ्यानं.

"जमीन हाय की अजून. कुठं गेली न्हाय. फकस्त बघायला होडी लागती."

कुणी हसलं नाही. चुलत्यांनी कप खाली ठेवला. दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्या भावानं डोळे मिटून घेतले. आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आजही आठवलं की झोंबतं. संपलं, मी मनात म्हटलं, तिसरं स्थळही मोडलं, आणि या वेळी मी मोडलं.

आत्या माझ्याकडं रोखून बघत होती. कपाळाला आठी. काठी जमिनीवर टेकवून तिनं विचारलं, "पवायला येतं का गं तुला?"

"न्हाय," मी म्हणाले.

"मग कसं व्हायचं? उद्या वाटणी मागितलीस तर बुडून मरशील की."

आमच्या भागात बहीण वाटणी मागत नाही. लग्न झालं की कधीतरी भाऊ तालुक्याला नेतो, ती बापाच्या जमिनीतल्या वाट्याची हक्कसोड लिहून देते, चहा पिऊन परत येते. हे सगळ्यांना ठाऊक, आणि आत्याला तर सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असणार. आधी चुलते हसले, मग त्याचे वडील, मग सगळी खोली हसली. आईसुद्धा पदर तोंडावर धरून हसली. आत्या तेवढी हसली नाही. हसणं ओसरल्यावर ती तात्यांकडं वळून म्हणाली, "माझं आजोळ बी तितंच हाय, पाव्हणं." आणि तिनं एक बोट खाली, जमिनीकडं दाखवलं.

तात्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "कुठल्या अंगाला?" आत्यानं सांगितलं. आणि ती दोघं त्या बुडालेल्या मुलखातल्या वाटा एकमेकांना सांगत बसली. इथून ओढा, इथं मारुती, इथून वर गेलं की तुमची हीर. बाकीचे आम्ही नुसते ऐकत होतो.

मला फळ्यावर लिहायचा होता तो शब्द असा समोर बसला होता. मराठीत त्याला काय म्हणायचं ते मला अजूनही सापडलेलं नाही. पण त्याचं काम काय ते कळलं. जे सरळ सांगायला गेलं की गळा धरतं, ते सांगायची ती वाट असते. आम्ही तात्यांना तिरकं बोलू नका म्हणून बजावलं होतं, म्हणजे त्यांच्या पायाखालची वाटच काढून घेतली होती. त्या मुलीच्या वहीतलं 'वाकडं' तेवढं काही चुकीचं नव्हतं म्हणायचं.

जाताना आत्या उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "पोरगी पसंत हाय. तारखेचं बघा." एवढंच. गाड्या वळल्या तशी आई देवापुढं जाऊन बसली, आणि भाऊ पेढे आणायला पळाला.

मी तात्यांना शोधत उसाकडं गेले. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू. वाटलं होतं, ते म्हणतील, वाचवलंस गं बाई. ते पाण्याच्या पाळीला उभे होते, खोऱ्यानं सरीचं तोंड फोडत होते. मी जवळ गेले तरी वर बघितलं नाही.

"तात्या, जमलं," मी म्हणाले.

"व्हय. ऐकलं मी." खोरं थांबवून म्हणाले, "ते माझं व्हतं."

"काय?"

"होडीचं. ते माझं व्हतं. तू बोललीस."

ते चिडले नव्हते, पण गमतीतही नव्हते. निदान मला तरी ओळखता आलं नाही, आणि तात्यांचं मला ओळखता आलं नाही असं तोपर्यंत कधी झालं नव्हतं. खोऱ्याला लागलेला चिखल अंगठ्यानं काढत ते म्हणाले, "त्या रानात धरणानंतर दाणा पिकला न्हाय. त्यातनं तेवढं एक बोलणं यायचं. कुणी इचारलं की यायचं."

मग मला रडू आवरेना. तिथंच बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. नवी साडी चिखलात गेली. तात्या जवळ आले, पण डोक्यावर हात वगैरे ठेवायची त्यांना सवय नाही. नुसते उभे राहिले. सरी भरून पाणी पुढं गेलं तरी तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"आता रडतीस कशाला?" ते म्हणाले. "ते होडीचं घिऊन जा काटेवाडीला. तुझ्या भावाला सांगून ठिवतो, ह्येची हक्कसोड लिहून घ्यायची न्हाय."